बिनपगारी फौज

सगळ्यात आधी एक वही घ्या. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळातला टोकन डेक, म्हणजे फौज उभी करणारा पानांचा जोड, स्वस्तात बांधायचा म्हणजे पै-पैचा हिशेब राहिला पाहिजे. वहीचे ४० रुपये मात्र वहीत लिहू नका, ते स्टेशनरीत गेले. हा पहिला धडा नीट गिरवलात तर पुढचं सगळं सोपं आहे. स्वस्त डेकचा पायाच मुळी कुठला खर्च कुठल्या खात्यात ढकलायचा यावर उभा असतो.

आता खेळ. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांनी काढला. गृहस्थ गणितातले डॉक्टर. तेव्हा तुम्ही वहीत जो काही हिशेब मांडणार, तो त्यांनी आधीच करून ठेवलाय असं धरून चाला. डेक किमान ६० पानांचा, एका नावाची फार तर चार पानं, साधी लँड, म्हणजे पानं खेळायला लागणारा ‘माना’ देणारी पानं, मात्र हवी तितकी. दोघांनाही सुरुवातीला २० लाइफ. समोरच्याचे २० शून्यावर आणले की जिंकलात. घरी आईला एवढंच सांगा की पत्ते आहेत. ती विचारेल, “पैसे लावून?” नाही म्हणा. खरंच आहे ते. लावलेला पैसा निदान परत येण्याची आशा तरी असते.

टोकन म्हणजे काय, तर ‘रेझ द अलार्म’ हे दोन मानाचं पान टाकलं की मैदानात दोन शिपाई उभे राहतात. १/१ चे. मारायची ताकद एक, सोसायची एक. हे शिपाई तुमच्या ६० पानांत नसतातच. पान त्यांना हवेतून आणतं, आणि त्यांच्या जागी टेबलावर काय मांडायचं ते तुम्ही बघायचं. लाल रंगात ‘ड्रॅगन फॉडर’ आणि ‘क्रेंकोज कमांड’ तेवढ्याच मानात दोन-दोन गॉब्लिन देतात. तिन्ही कॉमन, म्हणजे पाकिटातून ढिगानं निघणारी, कोणी फारसं न विचारणारी पानं. एका पानाची दोन माणसं होतात, त्यामुळे समोरचा एकेकाला टिपत बसला तर तुमच्या एका पानापायी त्याची दोन खर्ची पडतात. इथवर गणित तुमच्या बाजूनं आहे. इथंच थांबलात तर सुखी व्हाल. थांबणार नाही, ते सोडा.

इंदूरच्या माणसाला ही कल्पना नवी वाटायचं तसं कारण नाही. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजांमागून पेंढारी चालत. पगार नाही, लुटीत जे हाती लागेल त्यावर गुजराण. सरकारी वहीत खर्च शून्य. टोकन डेकची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. ती फौज १८१८ नंतर कुठे गेली, हे मात्र विचारू नका. टोकन मेलं की क्षणभर ग्रेवयार्डात, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, जातं आणि मग नाहीसंच होतं, खेळाचा नियमच तसा आहे. पेंढाऱ्यांबरोबर ज्याचं नाव घेतलं जातं तो अमीर खान तेवढा टोंकचा नवाब होऊन बसला. टोकनाचं टोंक झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एवढं एकच उदाहरण.

खरेदीकडे वळू. पान पंधरा रुपयांचं असतं. चार घेतली की साठ. कुरिअर एकशे वीस. आता साठ रुपयांच्या मालाला एकशे वीसचं कुरिअर कोणता शहाणा भरेल? तुम्ही भरणार नाही, मीही भरलं नव्हतं. कुरिअर वसूल व्हावं म्हणून मी आणखी सातशेची पानं मागवली. त्यातली अकरा निळी होती. माझा डेक पांढरा-लाल आहे. निळी पानं ‘पुढेमागे लागतील’ या खात्यात गेली. हे खातं प्रत्येक मराठी घरात असतंच, आमच्याकडे त्याच्यासाठी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात १९८६ सालच्या लग्नपत्रिकाही आहेत.

मग स्लीव्ह. पंधरा रुपयांच्या पानाला कव्हर कशाला, असं वाटेल. पण तेलाचं बोट लागलं की पानाची मागची बाजू ओळखू येते, आणि ओळखू येणारं पान म्हणजे लबाडी. तेव्हा शंभर स्लीव्हचं पाकीट घ्यावंच लागतं. माझ्या स्लीव्हची किंमत आतल्या पानांहून जास्त झाली. सोन्याच्या डबीत फुटाणे ठेवावेत तसं झालं खरं. पण वहीत मी ते ‘संरक्षण’ म्हणून लिहिलंय, आणि संरक्षणाच्या खर्चावर प्रश्न विचारायचे नसतात.

मध्येच कोणीतरी तुम्हाला ‘डबलिंग सीझन’ दाखवील. २००५ सालचं हिरवं पान. पाच माना भरले की त्यानंतर येणारं प्रत्येक टोकन दुप्पट. पान सुंदर आहे, आणि एकट्याची किंमत माझ्या साठही पानांहून वर. डोळे मिटून घ्या. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जा, भुट्ट्याचा किस खा, गर्दीत धक्के खा, उतरेल ते. मला तीन खेपा लागल्या. किसाचे पैसे वहीत धरलेले नाहीत.

आता टोकनं मांडायची कशानं? इथं खरी कंजुषी दाखवायला वाव आहे. छापील टोकन कार्डं मिळतात, पाकिटात फुकट येतात, पुष्कळ जण ती टाकूनही देतात. तुम्ही ती घेऊ नका, इतकं सोपं असेल तर स्वस्तपणाचं कौतुक कोण करणार?

मी बटणांपासून सुरुवात केली. आत्याच्या शिवणाच्या डब्यात बटणांना तोटा नाही. पण या खेळात हल्ला केलेला शिपाई टॅप करावा लागतो, म्हणजे आडवा फिरवायचा. गोल बटण नव्वद अंशांत फिरवून बघा. मी फिरवलं. समोरच्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, “हे फिरलं का?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “मला तर तसंच दिसतंय.” या एका मुद्द्यावर आमची वीस मिनिटं गेली. मग एक-एक रुपयाची नाणी आणली, सिंह वर म्हणजे उभा, आकडा वर म्हणजे आडवा. हे चांगलं चाललं, पण बारा नाणी मांडल्यावर पुतण्या दारात कुल्फीवाला आला म्हणून सहा शिपाई घेऊन पळाला. असा हल्ला अडवायचं पान कंपनीनं छापलेलं नाही.

फासे वापरा असं जाणकार सांगतात. सहाचा फासा म्हणजे सहा शिपाई. कल्पना ठीक. पण नुकतं आलेलं टोकन त्या टर्नला हल्ला करू शकत नाही, जुनं करू शकतं. मग सहांतले चार जुने, दोन नवे, जुन्यांतले तीन आडवे, हे एका फाशावर कसं दाखवणार? तीन फासे घ्या, चार घ्या. शेवटी टेबलावर फाशांचीच एवढी दाटी होते की गर्दीत शिपाई किती हे विचारणं म्हणजे रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत राजवाड्यासमोर हजेरी घेणं.

म्हणून शेंगदाणे. शेंगदाण्याला लांबी असते, उभा-आडवा सहज कळतो, सोललेला गॉब्लिन आणि सालासकट शिपाई असा भेदही करता येतो. पाव किलोत अख्खी पलटण. एकच काळजी घ्या, समोरच्याला भूक लागलेली नसावी.

पानांमधलं मर्म सांगायचं राहिलं. ‘इंटँजिबल व्हर्च्यू’. दोन मानाचं पांढरं पान. तुमच्या प्रत्येक टोकनाला +१/+१ मिळतं आणि व्हिजिलन्स, म्हणजे हल्ला केला तरी शिपाई आडवा करावा लागत नाही. (बटणं परत आणा.) हिशेब बघा. आठ शिपाई १/१ चे, म्हणजे आठ. एक व्हर्च्यू पडलं की सोळा. दुसरं पडलं की चोवीस, आणि समोरच्याकडे आहेत वीस. इतकं हे पान चोख निघालं की २०१२ साली इनिस्ट्राड ब्लॉकच्या, म्हणजे फक्त त्या नावाच्या मालिकेतली पानं चालणाऱ्या, स्पर्धांतून त्याच्यावर बंदी आली, ‘लिंगरिंग सोल्स’ या दुसऱ्या टोकनवाल्या पानाच्या जोडीनं. आणि मिळतं थोडक्या पैशांत. तुम्हाला वाटेल, मग अडचण कुठे आहे?

अडचण माझ्यासमोर बसली होती. विजयनगरचा मित्र, शाळेपासूनचा. त्याचा डेक पंचवीस हजारांचा आहे आणि ते तो दर वेळी सांगत नाही, एवढी खानदानी त्याच्यात आहे. रविवारची दुपार, आमचं रामबागेतलं घर, रुखवतात आलेला टेबलक्लॉथ. चौथ्या टर्नपर्यंत माझे सहा शिपाई आणि एक व्हर्च्यू. त्याच्यासमोर नुसती लँड. पाचव्या टर्नला माझ्या हातात दुसरं व्हर्च्यू होतं आणि आणखी दोन गॉब्लिन आणणारं ‘ड्रॅगन फॉडर’ही होतं. माना होते चार, कारण पाचवी लँड आलीच नाही. दोन्ही खेळता येत होती. पण आदल्याच आठवड्यात मी कुठेतरी ऐकलं होतं की हात कधी रिकामा करू नये, शिलकीत काहीतरी ठेवावं. बचतीची सवय हो. मी व्हर्च्यू शिल्लक ठेवलं, गॉब्लिन उतरवले आणि आठ शेंगदाण्यांच्या त्या रांगेकडे बघून मनातल्या मनात टाळी दिली.

सहा शिपायांनी हल्ला केला. वीसावरून तो आठवर आला. पुढच्या टर्नला खेळ संपणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

त्यानं दोन लँड टॅप केल्या आणि ‘पायरोक्लाझम’ टाकलं. मैदानातल्या प्रत्येक क्रीचरला, म्हणजे शिपाई-गॉब्लिनांसारख्या लढणाऱ्याला, दोन डॅमेज. माझे सगळे २/२. दुसरं व्हर्च्यू खाली असतं तर ते ३/३ झाले असते आणि पायरोक्लाझम त्यांच्या अंगावरून पाण्यासारखं निथळलं असतं. ते हातात होतं, स्लीव्हमध्ये, सुरक्षित. त्यानं आठही शेंगदाणे तळहातावर गोळा केले, मीठ आहे का विचारलं आणि खाल्ले. ग्रेवयार्डातून नाहीसं होणं म्हणतात ते हेच.

“काय किमतीचं रे हे पान?” मी विचारलं.

“हे होय? वीसेक रुपये असेल. डेकमधलं सगळ्यात स्वस्त तेच आहे, भिया.”

तेव्हा तुम्ही शिलकीत पान ठेवायचं की नाही? माझ्या पुढच्या डावात मी सगळं उतरवलं. त्यानं ‘रॅथ ऑफ गॉड’ टाकलं, चार मानाचं, ज्यात ३/३ काय नि ३०/३० काय, सगळे क्रीचर मरतात. म्हणजे पहिल्या वेळी राखलं म्हणून गेलो, दुसऱ्या वेळी उधळलं म्हणून. आमच्या बाबांचा मुदत ठेवींबाबत हाच अनुभव आहे.

आता उपाय म्हणून मी लाल रंगातलं ‘इम्पॅक्ट ट्रेमर्स’ घेतोय. आपला क्रीचर मैदानात पाऊल ठेवतानाच समोरच्याचा एक लाइफ जातो, मग तो नंतर मेला तरी बेहत्तर. पेंढारी आला, लुटलं, गेला. पानं कॉमनच आहेत, चारचे साठ रुपये. कुरिअर एकशे वीस. कुरिअर वसूल करायला बाकी काय काय मागवावं याची यादी रात्री करीन.

एक घरगुती सूचना राहिली. खेळ झाल्यावर टोकनं लगेच उचलून ठेवा. इंदूर २०१७ पासून ओळीनं सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं आणि आमची आई ते व्यक्तिशः मनावर घेते. सकाळी गाणं वाजवत निगमची गाडी आली की ती टेबल झाडून मोकळी होते. मागच्या सोमवारी मी दात घासत खाली आलो, तर ती गाडीपाशी ताट घेऊन उभी. त्यात शेंगदाणे, बटणं, दोन फासे आणि छापील टोकनांचा एक गठ्ठा, जो मित्र माझी दया येऊन मागे ठेवून गेला होता. गाडीवरचा माणूस ताटाकडे बघत म्हणाला, “माताजी, गीला अलग, सूखा अलग.” आई तिथंच वेचायला बसली. शेंगदाणे ओल्यात, टोकन कार्डं सुक्यात, फासे प्लास्टिकमध्ये. बटणं मात्र तिनं पदरात बांधली, आत्याची आहेत म्हणून.

मी पोचेपर्यंत गाडी लोकमान्य नगरच्या दिशेनं वळली होती. वहीत या नुकसानीपुढे काही लिहावं लागलं नाही. कार्डं फुकट आली होती आणि शेंगदाणे किराण्यात धरलेले होते.

येत्या रविवारी मित्र परत येतोय. या वेळी शेंगदाणे त्यालाच आणायला सांगितलेत. खारे आणू नकोस म्हटलंय, स्लीव्ह तेलकट होतात.