पोर्टलवर रिपोर्ट दिसला म्हणून निर्धास्त राहू नका

हॉस्पिटलच्या पोर्टलवर रिपोर्ट दिसतोय ना, मग झालं, असं म्हणून लोक सोडून देतात. हॉस्पिटलने सॉफ्टवेअर बदललं किंवा एसएमएसमधल्या लिंकची मुदत संपली, की तोच रिपोर्ट उघडेनासा होतो. रिपोर्ट अंतिम झाला की त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा. पूर्ण प्रत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, ती कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही.

लॉगिन अडतं ते बहुतेकदा नोंदणीच्या खिडकीवर झालेल्या चुकीमुळे. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर हॉस्पिटलच्या नोंदीशी तंतोतंत जुळावे लागतात. भरती करताना नुसतं वय सांगितलं असेल, तर काही ठिकाणी १ जानेवारी ही जन्मतारीख पडते. मग खरी तारीख टाकून कितीही प्रयत्न करा, खातं उघडत नाही. इमर्जन्सीत घाईघाईने नवा रुग्ण क्रमांक दिला जातो आणि एकाच माणसाच्या दोन फायली होतात. जुन्या तपासण्या गायब झाल्यासारख्या वाटतात, पण त्या दुसऱ्या क्रमांकाखाली पडून असतात. अशा वेळी ओळखपत्र आणि दोन्ही क्रमांकांचे कागद घेऊन मेडिकल रेकॉर्ड विभागात नोंदी एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सीटी-एमआरआयच्या बाबतीत तर फारच फसगत होते. पोर्टलवर पानभर रिपोर्ट आणि दोन-चार जेपीजी चित्रं मिळतात. दुसऱ्या डॉक्टरांना त्यांचा फारसा उपयोग नाही. सीटीमध्ये शेकडो काप असतात, आणि तेच काप फुफ्फुसासाठी वेगळ्या, हाडासाठी वेगळ्या उजेडात पाहावे लागतात. जेपीजीत करड्या रंगाच्या फक्त २५६ छटा उरतात, बाकीची माहिती कायमची जाते. म्हणून 'डायकॉम फाइल्स, सगळ्या सीरिज', म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्स आणि कापांचे सगळे संच, असं स्पष्ट शब्दांत मागा. बायोप्सी असेल तर रिपोर्टवर भागत नाही. दुसरं मत घ्यायचं तर काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला तपासणीचा तुकडा) लागतो, आणि तो ऑनलाइन मिळत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकड्याच्या आधी एकक बघा. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर, दोन्ही एकच. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एका आलेखात टाकताना हे विसरलं की साखर अचानक कोसळलेली दिसते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट उतरवताना तो प्राथमिक आहे की अंतिम, ते वाचा. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे बहुधा नंतरच्या रिपोर्टमध्ये येतं.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे संपूर्ण रेकॉर्ड नव्हे. ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, नर्सिंग चार्ट बहुतेक पोर्टलवर नसतात. ते अर्ज करूनच मागावे लागतात. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात प्रत देण्यासाठी सर्वसाधारणपणे एक महिन्याची, अमेरिकेच्या आरोग्य-माहितीबद्दलच्या हिपा नियमांत ३० दिवसांची मुदत आहे.

आणि हाती आलेलं वाचा. सगळ्यात आधी ॲलर्जीचा रकाना. तिथे चूक असेल तर तोंडी सांगून सोडू नका, लेखी दुरुस्ती मागा. जुनी नोंद सहसा पुसत नाहीत, तारखेसह नवी जोडतात. ती जोडली गेल्यावर प्रत पुन्हा डाउनलोड करा आणि जुन्या फाइलच्या नावात 'चुकीची' असं लिहून ठेवा.