भांडी कोण घासणार?

आज चर्चची वार्षिक सभा होती आणि मी अजून तापलेलीच आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढे व्हा.

नगरच्या मंडळींना माहितीच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी इथे विस्कॉन्सिनमध्ये एपिस्कोपल चर्चला जाते. म्हणजे बिशपवालं चर्च, अँग्लिकन घराण्यातलं, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं बिऱ्हाड केलेलं. आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं, त्यांचं आणि यांचं प्रभुभोजन (वेदीवरची भाकर नि द्राक्षारस) एकमेकांना चालतं, म्हणून मी आल्या आल्या इथेच घुसले. छोटं गाव, छोटं चर्च, रविवारी अर्धी बाकं रिकामी. जानेवारीत वार्षिक सभा होते, व्हेस्ट्री निवडतात (चर्चचा कारभार बघणारी, आपली पास्टोरेट कमिटी समजा), बजेट वाचतात आणि वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद वाटतात.

तो कागद आता माझ्यासमोर आहे. फेब्रुवारीत ॲबसलम जोन्सच्या (कोण ते खाली सांगते) स्मरणाची उपासना, मग श्रोव्ह ट्यूजडेला पॅनकेक, दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे लेंतचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा, पहिला दिवस, ईस्टरनंतर बिशपांची भेट आणि कन्फर्मेशन, उन्हाळ्यात पोरांचा कॅम्प, ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या सणाला कुत्र्यामांजरांना आशीर्वाद (हसू नका, आपल्याकडे बैलपोळा असतोच की), मग डायसिसचं (एका बिशपच्या हाताखालचा विभाग) कन्व्हेन्शन, मग नाताळ. सगळं जिथल्या तिथे. फक्त लेंतमधल्या शुक्रवारच्या सूप सपरच्या (हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून सूप जेवायचं) जागी छापलंय 'लेंट ॲट होम'. म्हणजे काय, तर प्रत्येकाला एक पिशवी मिळणार, त्यात मेणबत्ती, प्रार्थनेचं पत्रक, सूपची रेसिपी आणि झूमची लिंक. आपापल्या घरात आपापलं सूप प्या आणि स्क्रीनवर एकमेकांची तोंडं बघा.

कारण काय, तर किचन सांभाळायला माणसं नाहीत. "शेवटी भांडी कोण घासणार?" हे असं कोण बोललं, तर ज्या गृहस्थांना मी आजवर सिंकच्या आसपाससुद्धा पाहिलं नाही ते. आणि सगळे हसले! मला इतका राग आला ना.

आता मी भांड्यांवरून एवढी का पेटले ते सांगते. माझी इथली पहिली थंडी. बाहेर श्वास घेतला की नाकातले केस गोठायचे. लेंतमधला शुक्रवार, बेसमेंटमधला हॉल, लांब टेबलं, भिंतीला ओळीने क्रॉकपॉट, म्हणजे सूपची विजेवरची भांडी, लावलेले. लोक वागायला अगदी चांगले. या या, कुठल्या तुम्ही, थंडी सोसतेय का, मुलं किती. हसून हसून माझे गाल दुखले आणि मी पर्स छातीशी धरून दाराजवळ उभी, आता सटकावं या विचारात. तेवढ्यात किचनमधून एक आजी आल्या, हात कोपरापर्यंत ओले. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू उंच आहेस, हे बाऊल पूस आणि वरच्या कपाटात लाव."

बास. मी पर्स ठेवली आणि बाऊल पुसायला लागले. कपाटाच्या दारांवर मास्किंग टेपच्या पट्ट्या, त्यावर तिरक्या अक्षरात लिहिलेलं, 'सूपचे बाऊल', 'फ्युनरलचे कप', 'ऑल्टर गिल्ड, हात लावू नये' (वेदीची मांडामांड करणाऱ्यांचं सामान). बाऊल पुसता पुसता मला कळलं की ऑर्गन वाजवणारे काका आणि पुढच्या बाकावरच्या बाई सख्खे भाऊबहीण असून बोलत नाहीत, कोणाचा नवरा गेल्या उन्हाळ्यात गेला, कोणाचा मुलगा दारू सोडायचा प्रयत्न करतोय आणि त्याच्यासमोर कोणता विषय काढायचा नाही. हे कुठल्या वेलकम पॅकेटमध्ये मिळतं सांगा मला?

आणि हे तुम्हाला समजावून सांगायला नको, आपण पंगतीत वाढलेली माणसं. पानावर बसवून आग्रह केला की तो पाहुणा, हातात वाढायला भांडं दिलं की तो घरचा. आजीच्या गावी हंगामाच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, ज्वारीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या यायच्या, उपासनेनंतर लिलाव, मग प्रीतिभोजन, आणि भोजन म्हणजे आदल्या रात्रीपासून बायका कांदे चिरतायत. पाळकसाहेबांचा उपदेश काय होता कोणाला आठवत नसे, आमटीत मीठ कोणी जास्त टाकलं ते पुढच्या हंगामापर्यंत निघायचं.

बरं, यांच्या स्वतःच्या पुस्तकात काय आहे बघा. 1979 चं प्रार्थनापुस्तक आहे यांचं, त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी नुसत्या बाळाच्या आईबापाला नाही, हजर असलेल्या सगळ्यांना विचारतात की प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत तुम्ही टिकून राहाल का. प्रेषितांच्या कृत्यांतलंच वाक्य, अध्याय 2. सगळे खणखणीत आवाजात म्हणतात, देवाच्या साहाय्याने राहू. शिक्षण झूमवर होईल, प्रार्थनाही होईल, मान्य. बाकी दोन गोष्टींचं काय? कोविडमध्ये कॅमेऱ्यासमोर आपापल्या घरी भाकर ठेवून प्रभुभोजन करायला या चर्चने मान्यता दिली नव्हती. लोक महिनोन्‌महिने प्रभुभोजनाशिवाय राहिले, कारण ते सगळ्यांनी मिळून एका जागी घ्यायचं असतं म्हणे. मला पटलं होतं ते. मग वेदीवरच्या भाकरीला जो नियम तो बेसमेंटमधल्या सूपला का नाही? वरच्या मजल्यावर पवित्र आणि खालच्या मजल्यावर ऐच्छिक, असं असतं का?

आणि ॲबसलम जोन्सचा दिवस पाळणार आहोत आपण! 13 फेब्रुवारी. या चर्चचे पहिले काळे प्रीस्ट. फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्यांना आणि त्यांच्या लोकांना गुडघ्यांवरून उठवायला लागले, का तर इथे तुमची जागा नाही. ते सगळे उठून निघून गेले आणि पुढे त्यांनी आपलं चर्च उभं केलं. 1793 ला त्या शहरात पिवळ्या तापाची साथ आली, पैसेवाले पळाले, तेव्हा घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांत, मेलेल्यांना माती देणाऱ्यांत हीच माणसं होती. त्यांच्यावर आपण सुंदर उपासना करणार, आणि पुढच्याच आठवड्यांत एकमेकांच्या घरी पिशव्या सोडून येणार. कमाल आहे.

हां, कमेंटमध्ये लिहायच्या आधी मीच लिहिते. संध्याकाळी अंधारात बर्फावरून गाडी चालवणं म्हाताऱ्यांना झेपत नाही, खरं आहे. हॉल गरम ठेवायचा खर्च आहे, तोही खरा. आणि रात्रीची कॉम्प्लिनची प्रार्थना झूमवर होते त्यात अंथरुणाला खिळलेल्या एक काकू रोज येतात, त्यांचं तेवढंच जग उरलंय, तर ती चालू राहू दे, तिला कोण नाही म्हणतंय. पण काकूंना येता येत नाही म्हणून धडधाकट माणसांनीही घरी बसायचं, हे म्हणजे आजोबांना दात नाहीत म्हणून घरादाराने पेजेवर राहायचं.

"आपण कमी उरलोय" हे तर प्रत्येक सभेत असतंच. उरलोय ना. साठच्या दशकात या चर्चचे 34 लाखांच्या वर सभासद होते, आता 15 लाखांच्या आसपास आहेत. आपल्याच राज्यात 1847 ला एक डायसिस होतं, त्याचे वाढत वाढत तीन झाले, मिलवॉकी, फॉन्ड दु लॅक आणि ओ क्लेअर, आणि 2024 ला तिन्ही परत मिळून एक विस्कॉन्सिन डायसिस झालं. मला त्यात वाईट काहीच वाटलं नाही. माणसं कमी झाली की टेबलं जवळ ओढायची, एवढं साधं आहे. वर एकत्र यायचं आणि खाली गावात ज्याची त्याची पिशवी, हे कुठलं गणित?

ओनायडाला जाऊन या एकदा, ग्रीन बेच्या बाजूला. ओनायडा लोक 1820 च्या दशकात न्यूयॉर्ककडून इकडे आले, आले म्हणजे त्यांच्या जमिनी गिळल्या गेल्या म्हणून यावं लागलं, आणि येताना हे चर्च बरोबर घेऊन आले. त्यांचं होली अपोस्टल्स चर्च आहे तिथे. त्यांच्यातले लोक ओनायडा भाषेत गीतं गातात, वाद्य नाही, बायकापुरुष मिळून, आणि कोणी गेलं की त्याच्या घरच्यांपाशी जाऊन गातात. 2008 ला देशाचा मोठा लोककला सन्मान मिळालाय या गायकांना. मी ऐकलं तेव्हा शब्द एक कळला नाही पण मला सरळ आमच्याकडची ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आठवली, कोणी गेल्यावर रात्रभर पेटी नि टाळ घेऊन बसायचे ते. काय काय गमावलं त्या लोकांनी, पण एकमेकांच्या दारात जाऊन बसणं नाही सोडलं. आणि आम्हाला भांडी जड झाली.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. खरं सांगू, माझे बाबा गेले तेव्हा मला जाता आलं नाही. व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. नगरला माती दिली ती मी इथे मोबाईलवर पाहिली, भावाच्या मित्राने फोन धरला होता, मध्येच नेट जायचं आणि त्याचा अंगठाच दिसायचा. त्यामुळे स्क्रीनला नावं ठेवायचा तुला काय अधिकार असं कोणी म्हटलं तर म्हणा. तो फोन नसता तर मला तेवढंही मिळालं नसतं. पण फोन बंद झाल्यावर घरात मी आणि नवरा, दोघंच, आणि आता काय करायचं असतं ते दोघांनाही सुचेना. तेव्हा दाराची बेल वाजली, त्याच टॉवेलवाल्या आजी, मागे अजून दोघी. सांत्वन वगैरे काही नाही. कोट काढले, सरळ किचनमध्ये गेल्या, आदल्या दिवसापासूनची खरकटी भांडी सिंकमध्ये पडलेली ती घासायला लागल्या. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. एकजण पुसत होती आणि दुसरी मला विचारत होती, हे डबे कुठे ठेवतेस.

एका सिंकपाशी उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याच्या किचनमध्ये असं शिरता येतं का हो? झूमवर ओळख झालेल्या माणसाने माझ्या सिंकला हात लावला असता तर मीच संकोचाने मेले असते.

त्या आजी आता नाहीत. 'फ्युनरलचे कप' तेव्हा आम्हीच काढले.

आणि जाता जाता एक, हे बोलल्याशिवाय मला झोप नाही येणार. या चर्चने 1976 ला बायकांना प्रीस्ट व्हायची वाट मोकळी केली, बायका बिशप झाल्या, एक बाई तर सगळ्या चर्चच्या प्रमुख झाल्या, आमच्या रेक्टरही, म्हणजे पाळक, बाईच आहेत. छान. आता पुरुषांना सिंकपर्यंतची वाट कोणी मोकळी करून देणार आहे का? "माणसं नाहीत" म्हणजे बायका दमल्यात, असं सरळ म्हणा ना. दमल्याच आहेत. त्यावर उपाय सूप बंद करणं नाही, स्पंज दुसऱ्या हातात देणं आहे.

तर, रेक्टरबाईंना मगाशीच मेसेज टाकलाय की हॉलची किल्ली द्या, लेंतचा पहिला शुक्रवार माझा. त्यांचं उत्तर आलं, "व्हेस्ट्रीशी बोलते", आणि पुढे एक हसरा इमोजी, म्हणजे काम होणार. मसूरची आमटी करतेय, तिखट बेताचं, लेंत आहे म्हणून मटण-बिटण काही नाही. जवळपासची मराठी मंडळी, ख्रिस्ती असा नसा, या. भाकरी कोणी आणू शकत असेल तर प्लीज इनबॉक्स करा, माझ्या थापताना मोडतात. क्रॉकपॉट आणणार असाल तर आधी कळवा, त्या भिंतीवर चारपेक्षा जास्त लावले की फ्यूज उडतो आणि मग अंधारात पेटी शोधत बसावं लागतं. आणि पुरुषांनी तर जरूर या, सिंक दोन आहेत.