खाडाखोड चालू आहे

कागदावर लिहायचो तेव्हा खाडाखोड ही माझी खासगी बाब होती. बोळा करून टोपलीत टाकला की विषय संपला. आता ऑफिसातलं सगळं क्लाउडवर असतं आणि माझी खाडाखोड बारा जण थेट बघतात.

परवा तिमाही अहवालाची लिंक आली. उघडली तर 'तुम्हाला ॲक्सेस नाही, परवानगी मागा.' मागितली. दुपारपर्यंत उत्तर नाही. मालक कोण म्हणून चौकशी केली, तर ती फाइल गेल्या वर्षी मीच केलेली निघाली, माझ्या घरच्या अकाउंटवरून. तिथे माझाच अर्ज माझी वाट बघत पडला होता. तो वाचून क्षणभर मलाच वाटलं, हा कोण उपटसुंभ? मग परवानगी दिली. घाईत दिली ती फक्त वाचण्यापुरती, त्यामुळे स्वतःकडे दुसरा अर्ज करावा लागला.

शेवटी एकदाचा आत शिरलो. 'या तिमाहीत कामाची गती समाधानकारक राहिली' एवढं टाइप करतोय तोच 'समाधानकारक'च्या मागे जांभळी रेघ येऊन लुकलुकायला लागली. साहेब! लिहीत नाहीत, खोडत नाहीत, नुसते उभे. पाठीशी माणूस येऊन उभा राहिला तर निदान 'बसा ना' म्हणता येतं. रेघेला काय म्हणणार? मी 'समाधानकारक' काढून 'ठीक' केलं. रेघ ढिम्म. 'बरी' केलं. रेघ एक अक्षर मागे सरकली. माझे हात गार. शेवटी 'बऱ्यापैकी समाधानकारक' लिहिलं आणि रेघ निघून गेली. पसंत पडलं म्हणून गेली की साहेबांना फोन आला, हे अजून कळलेलं नाही.

एकाच ओळीवर दोघांनी हात चालवला तरी मजकुराचा चिवडा होत नाही, यामागे मात्र खरं डोकं आहे. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ साली त्याची एक रीत मांडली. तुम्ही माझ्या आधी तीन अक्षरं घुसवलीत, तर माझं खोडणं आपोआप तीन घरं पुढे सरकतं आणि नेमक्या अक्षरावर पडतं. आमच्याकडे हिशेबवाल्यांनी 'खर्च' आणि विक्रीवाल्यांनी 'गुंतवणूक' एकाच जागी, एकाच क्षणी टाइप केलं. यंत्राने कोणावरच अन्याय केला नाही. अहवालात 'खर्चगुंतवणूक वाढला' असं आलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या परिस्थितीला याहून चपखल शब्द नाही.

हे चालू असताना शेजारच्या खिडकीत चॅट धो धो वाहतच असतं. 'स्लॅक' हे चॅट मुळात 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या मंडळींनी आपसात बोलण्यासाठी केलेलं. खेळ २०१२ मध्ये बंद पडला आणि बोलायचं साधन पुढच्या वर्षी जगापुढे आलं. काम बुडालं तरी गप्पा तरतात, हा अनुभव आमच्या ऑफिसला फार आधीपासूनचा आहे.

संध्याकाळी डोकं आउट झालं होतं. फाइलमध्ये कोणी दिसेना, म्हणून शेवटच्या पानावर लिहिलं, 'हा अहवाल कोणीही वाचणार नाही.' बरं वाटलं. पाचेक मिनिटं ती ओळ तशीच ठेवली, तिच्याकडे बघून घेतलं आणि खोडून घरी गेलो.

या फायलींना आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास असतो. कोणी, कधी, काय लिहिलं आणि काय काढलं, सगळं तारीखवेळेसकट. हे मला माहीत होतं. ते साहेबांनाही माहीत असेल, असं वाटलं नव्हतं.

सकाळी शेवटच्या पानाच्या कडेला मला टॅग केलेली साहेबांची कॉमेंट होती : 'मी वाचला.'

खाली अकरा अंगठे.