खापराचा तुकडा शोकेसमध्ये कशाला?

हल्ली बघतोय, महेश्वर-उज्जैनकडे फिरायला गेलेली आपली इंदूरची मंडळी येताना जुन्या खापराचे तुकडे पिशवीत घालून आणतात, आणि मग ते घरी शोकेसमध्ये, देवाच्या फोटोशेजारी. हौस समजते हो, मला स्वतःला या खापरांचं भयंकर वेड आहे आणि म्हणूनच सांगतोय, बघा, हातात घ्या, फोटो काढा, पण उचलून आणू नका.

हातात घेऊन बघायला काय काय असतं! माळवा संस्कृतीचं खापर म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचं, पिवळसर-नारिंगी लेप आणि त्यावर काळ्या नाहीतर तपकिरी रंगात त्रिकोण, जाळी, कधी हरणं, मोर. नीट बघितलं तर रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत गेलेली, म्हणजे तिथे त्या बाईने की बाबाने कुंचला उचलला. आतल्या बाजूने बोटं फिरलेल्या रेषा. आणि तुटलेली कड बघाच, बाहेर लाल आणि मधे राखाडी पट्टा, भट्टीत आतपर्यंत नीट भाजलं गेलं नाही की असं होतं.

आता हाच तुकडा घरी आणला की काय उरतं? सुंदर आहे, बस. तो जुन्या वस्तीच्या कुठल्या टेकाडावर, कशाच्या शेजारी पडला होता ते गेलं, आणि खरी माहिती तर त्यातच असते. उज्जैनजवळचं कायथा हे प्राचीन वस्तीचं ठिकाण १९६४ मध्ये आपल्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी उजेडात आणलं, तिथे खाली चॉकलेटी लेपाची कायथा भांडी, त्यावरच्या थरात पांढऱ्या नक्षीची काळी-तांबडी, राजस्थानातल्या आहाड संस्कृतीची भांडी, त्याच्याही वर माळवा. कोण आधी कोण नंतर हे खापरांच्या थरांवरून कळलं, एकट्या तुकड्याने कधीच कळलं नसतं. महेश्वरसमोर नर्मदेच्या पलीकडे नावडातोलीला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५२-५३ आणि १९५७-५९ मध्ये खोदकाम केलं तेव्हाही तेच. अन् गंमत म्हणजे हीच माळवा भांडी पुढे पुण्याकडे इनामगावला सापडतात, म्हणजे माळवा-महाराष्ट्र येणं-जाणं होळकर-शिंद्यांच्या कितीतरी आधीचं!

टेकाडाची भुसभुशीत पांढरी माती लोक खत म्हणून ट्रॉल्या भरून नेतात, त्याने आधीच खूप गेलंय, त्यात आपण भर कशाला घालायची. संरक्षित जागेवरून उचलणं तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानेही चालत नाही.

शेतात, रस्त्याच्या खोदकामात कुठे दिसलं तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो घ्या म्हणजे आकार कळतो, लोकेशन सेव्ह करा, साबणाने घासू नका (रंग जातो!), जिथलं तिथे ठेवा आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवा. मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर आपलं इंदूरचं सेंट्रल म्युझियम आहेच, कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी बरोबर येतो.