जुलैत गर्दी, मार्चमध्ये कोणी नाही

पावसानं जोर धरला की पुण्यात वेताळ टेकडीवर झाडं लावायला झुंबड उडते. बॅनर, टी-शर्ट, फोटो. रोप खड्ड्यात आणि काळी पिशवी तशीच मुळांना! ती फाडून काढायचीही तसदी घेत नाहीत, मग मुळं आतल्या आत गोल फिरून गुदमरतात. आणि लावतात काय, तर गुलमोहर, नाहीतर गिरिपुष्प. अहो, गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. टेकडीवर ते आधीच उदंड माजलंय. मोकळं गवत दिसलं की यांना पडीक जमीनच वाटते. त्याच गवतात चंडोल पक्षी जमिनीवर घरटं करतो, हे कितीदा सांगायचं?

खरा संताप येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. गवत वाळलेलं, कुणीतरी पेटती विडी टाकतो आणि वणवा लागतो. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत साफ केलेला पट्टा, काढायला या, खांद्यावर कॅन घेऊन रोपांना पाणी घालायला या म्हटलं की ग्रुपवर सगळे चिडीचूप. येतात ती तीच चार-पाच माणसं, निम्मी साठी ओलांडलेली. उन्हाळ्यात यायला जमणार नसेल तर झाडं लावूच नका. त्यापेक्षा जुलैतल्या त्या दिवशी टेकडीवरच्या बाटल्या आणि फुटक्या काचा उचला, तेवढं तरी करा!