बेटाचा बेत

बाळ आठ महिन्यांचं झालं, रात्रीत चारदाच उठतं, म्हणजे आता तुम्ही सहलीला मोकळे झालात. अभिनंदन. सहल बेटावरच काढा. घाटात गाडी लागते, शहरात ऊन लागतं. बेटावर फक्त पैसे लागतात, आणि ते तर आपण वाचवणारच आहोत.

मालदीव आणि अंदमान पहिल्याच रात्री बाद होतील. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेता येतं हे खरं, पण त्या मांडीचं तिकीट पूर्ण लागतं. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो. तेव्हा आपली घरचीच बेटं बघू. घारापुरीला लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत आणि वाटेत माकडं. दुधाची बाटली कुणाची, याबद्दल त्यांचं मत तुमच्याहून वेगळं असतं. शिवाय पर्यटकांना तिथे रात्री मुक्काम नाही, म्हणजे वीकेंडातला एन्ड तिथेच गळाला. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून दरवाज्याच्या पायऱ्यांवर पाय टाकायचा असतो, होडी हलत असताना, कडेवरच्या ऐवजासकट. भल्याभल्यांना जो किल्ला घेता आला नाही, तो आपण दुपट्यासकट घेऊ म्हणणं बरं दिसत नाही.

राहता राहिला अलिबागचा कुलाबा. हा किल्ला काटकसरी माणसासाठीच समुद्रात ठेवलाय. ओहोटीला चालत जा, भरतीला होडीने. अर्ध्या वेळचं बेट, तेव्हा खर्चही अर्धाच असणार. पुरातत्त्व खात्याचं तिकीट २५ रुपये, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. बाळाने इथे तुमचे २५ रुपये वाचवले, ते वहीत लिहून ठेवा. या सहलीत त्याने वाचवलेली ही एकमेव रक्कम.

आता सामान. तुम्हा दोघांचे कपडे एका पिशवीत मावतील. ती पिशवी शेवटी घरीच राहील. बाळाबरोबर जाईल ते असं: डायपर, दुपटी, टोपरी, मच्छरदाणी, थर्मास, नाचणीचं सत्त्व, ते शिजवायला छोटं पातेलं, पाणी तापवायला किटली, आणि बाळगुटीची सहाण. सहाण दगडाची असते. ती आजींनी दिली आहे, त्यामुळे वजनाचा विषय काढू नका. उलट आजींनाच बरोबर घ्या, बाळ सांभाळायला माणूस होईल. आजी येतील, समुद्राचा वारा बाधतो हे गेटवेलाच सांगतील, आणि लाँचमध्ये बाळाचं टोपरं नाकापर्यंत ओढून बसतील.

लाँच मात्र खरंच स्वस्त आहे. मांडव्याहून अलिबागची बसही बहुधा त्याच तिकिटात असते. थंडीच्या दिवसांत सीगल लाँचच्या मागे येतात, लोक वेफर्स उडवतात, पक्षी हवेतल्या हवेत टिपतात. तुम्ही बाळाला उचलून दाखवाल, बघ बघ, भूभू नाही, पक्षी! बाळ वेफर्सच्या पाकिटाकडे बघेल. चकचकीत असतं ते, चुरचुर वाजतं. पुढचा तासभर समुद्र एका बाजूला आणि ते रिकामं पाकीट एका बाजूला. परत येईपर्यंत ते हरवू देऊ नका, दुसरं कुठलंही पाकीट चालत नाही.

खोली ‘सी व्ह्यू’ घ्या, पण मालकांना आधी विचारा की समुद्र दिसण्यासाठी किती वाकावं लागतं. जेवण घरगुती मिळेल. सुरमईचं ताट आलं की आधी एकाने जेवायचं, दुसऱ्याने बाळाला अंगणात कुत्रा दाखवायचा, मग अदलाबदल. दुसऱ्याला मिळते ती सुरमई थंड असते आणि सोलकढी कोमट. एवढं सोडलं तर ते सहभोजनच.

खरं कौशल्य रविवारचं. भरतीची वेळ काढायला अ‍ॅप कशाला? कोकणातलं जुनं गणित वापरा: तिथीची पाऊणपट. समजा रविवारी पंचमी आहे. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, म्हणजे सहा तास आधी, साडेनऊ-पावणेदहाला पूर्ण ओहोटी. आता हाच हिशोब बाळाचा मांडा. सहाला उठतं, साडेसातला खातं, साडेनऊला झोपतं. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा, किती छान जुळतात. समुद्र मागे हटतो नेमका तेव्हाच बाळ डोळे चोळायला लागतं.

तरी निघा. अष्टमीकडे झुकलेली तिथी असली की पाणी पुरतं हटत नाही, म्हणून घोडागाडी करा आणि जाण्यायेण्याचे पैसे एकदमच देऊन टाका, घासाघीस करायला बरं पडतं. चाकं पाण्यात शिरली की तुषार उडतील, घोडा फुरफुरेल, आणि जे बाळ खोलीत पंख्याच्या आवाजाने दचकतं ते खिदळायला लागेल. झोप उडाली. किल्ल्यात तटावर चाकांच्या इंग्लिश तोफा आहेत, १८४९ सालच्या. डायपर बदलायला त्यांच्याएवढी सावली दुसरीकडे मिळणार नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची व्यवस्था आहे, कान्होजींच्या आरमाराची ही जागा, असं बरंच काही तुम्ही वाचून आला असाल. ते मनातल्या मनात आठवा. हात रिकामा नाही.

गणपतीच्या देवळात आंग्र्यांच्या काळातल्या दगडी गारव्यात आजी टेकतील, बाळाला मांडीवर घेतील, पाठीवर थोपटतील. आणि दोन दिवस न झोपलेलं बाळ तिथे गाढ झोपेल. मूठ अर्धी उघडी, त्यात वेफर्सचं पाकीट.

बाहेरून घोडागाडीवाला हाक मारेल, “ताई, चला, पाणी भरतंय.”

आजी पापणीही न हलवता म्हणतील, “हळू बोल हो. आत्ताच डोळा लागलाय.”

तुम्ही दरवाज्यात जाऊन बघा. मघा चाकाच्या आऱ्यांना लागलेलं पाणी आता घोड्याच्या पोटाला लागत असेल. आत जा. बाळाकडे बघा, आजींकडे बघा. परत बाहेर या. गाडीवाल्याला म्हणा, तुम्ही व्हा पुढे. परतीचे पैसे मागू नका, तो देणार नाही. होडीवाला वेगळे घेतो.