तीन लॅपटॉप पुरतात

नागपुरातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यांतला एक तर आयटी पार्कात माझ्या शेजारच्या टेबलावरच बसतो. मजकूर साधारण असा: 'हजारो सर्व्हरवर चालणारी सिस्टीम टेस्ट करायला हजारो सर्व्हरच लागतात, ते बंगळुरूवाल्यांचं काम. आपण युनिट टेस्ट लिहाव्या, कव्हरेज ९० टक्क्यांवर न्यावं, उरलेलं प्रॉडक्शनमध्ये कळतंच. नेटफ्लिक्सही तेच करतं.' (युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणं, कव्हरेज म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्याची टक्केवारी, आणि प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम.)

पहिलं वाक्य ऐकताक्षणी पटतं, आणि सगळ्यांत चुकीचंही तेच आहे. टोरँटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या अनेक मशिनींवर मिळून डेटा सांभाळणाऱ्या सिस्टीमांतले वापरकर्त्यांनी कळवलेले १९८ बिघाड तपासले. त्यांपैकी ९८ टक्के बिघाड घडायला तीनपेक्षा जास्त मशिनी लागत नव्हत्या. अख्खी सिस्टीम आडवी करणाऱ्या बिघाडांत ९२ टक्के वेळा सॉफ्टवेअरने 'चुकलंय' हे स्वतः सांगितलं होतं. ती चूक हाताळणारा कोडच गंडलेला होता. कुठे कॅच ब्लॉक (चूक झाली की चालणारा कोड) रिकामा, कुठे लॉगमध्ये नोंदीची एक ओळ टाकून हात झटकलेले, कुठे नुसतं 'टूडू', म्हणजे 'नंतर करू'. (आपापल्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, हा शब्द शोधून बघा. मी शोधला, आणि आता त्यावर बोलत नाही.)

मे महिन्यात मी घरीच प्रयोग केला. कूलरसमोर टेबल, त्यावर तीन जुने लॅपटॉप: एकावर ऑर्डर सर्व्हिस, दुसऱ्यावर पेमेंट, तिसऱ्यावर डेटाबेस. पेमेंटच्या कोडला एवढंच सांगितलं, की पैसे कापून झाले की दहा सेकंद गप्प बस, मग उत्तर दे. ऑर्डर सर्व्हिस पाच सेकंद थांबली, टाइमआउट झाली, म्हणजे वाट बघायची मुदत संपली, आणि इमानदारीत पुन्हा विनंती पाठवली. मग आणखी एकदा. ५०० रुपयांची ऑर्डर, खात्यातून गेले १५००.

आता कव्हरेज. त्या रीट्रायच्या, म्हणजे विनंती पुन्हा पाठवायच्या, ओळीवर आमची युनिट टेस्ट होती, रिपोर्टात ओळ हिरवीगार. पण टेस्टमधली नकली पेमेंट सर्व्हिस लगेच 'जमलं नाही' म्हणायची. पैसे कापून मौन धरणारी सर्व्हिस कुणी लिहिलीच नव्हती. ओळ चालली की नाही, हे कव्हरेज सांगतं. किती उशिरा आणि कशाच्या आधी चालली, ते सांगत नाही. दुरुस्ती छोटी निघाली: प्रत्येक ऑर्डरसोबत एक क्रमांक पाठवायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर पेमेंटने पैसे न कापता जुनंच उत्तर द्यायचं.

'प्रॉडक्शनमध्ये कळतंच.' कळतं, यात वाद नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीला कळलं. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला, आठव्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी चालवून बघायला दोन मशिनी लागतात.

नेटफ्लिक्सचं नाव तर उगाच ओढलंय. त्यांचं केऑस मंकी नावाचं सॉफ्टवेअर चालू सर्व्हर मुद्दाम पाडतं, पण कामाच्या वेळात, इंजिनिअर लक्ष ठेवून बसलेले असताना. सिस्टीम तग धरेल असं आधी बांधून मग ते तपासायचं, असा तो प्रकार.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. दिवाळीच्या सेलला लाखभर मोबाइल एकदम रीट्राय करू लागले की काय होतं, ते माझ्या टेबलावर दिसणार नाही. त्यासाठी वेगळं लोड टेस्टिंग (एकदम ढीगभर विनंत्या टाकून बघणं) लागतं, आणि नवा कोड आधी थोड्याच ग्राहकांना द्यावा लागतो.

शेजारच्या टेबलावाल्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, 'मंग माहा बी लॅपटॉप घे ना भाऊ, पडूनच आहे.' त्या लॅपटॉपचं घड्याळ चार मिनिटं मागे निघालं. पेमेंट सर्व्हिस त्यावर हलवली, तर लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारी, वेळ टाकलेली डिजिटल चिठ्ठी) 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून परत येऊ लागलं; मागे पडलेल्या घड्याळाला चिठ्ठीवरची वेळ पुढची वाटत होती. घड्याळ मी अजून दुरुस्त केलेलं नाही.